इमारत भाडेकरूंनी भरलेली, तरी भांडवल बुडाले कसे?
सामूहिक मालमत्ता गुंतवणुकीत परतावा कोठून येतो आणि तोटा प्रथम कोणाच्या वाट्याला जातो

अनेकांनी थोडेथोडे पैसे एकत्र करून एखादी मोठी मालमत्ता विकत घ्यावी आणि तिचे उत्पन्न वाटून घ्यावे, ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत तिचे एक अत्यंत प्रचलित रूप म्हणजे भाड्याच्या सदनिकांची इमारत किंवा संकुल. तेथे या व्यवहाराला ‘सिंडिकेशन’ म्हणतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीय डॉक्टर व संगणक व्यावसायिकांमध्ये ही गुंतवणूक गेल्या दशकात बरीच पसरली. गोव्यातही व्हिला, सदनिका आणि सुट्टीतील घरे अंशतः विकत घेण्याच्या जाहिराती आता नित्याच्या झाल्या आहेत. २०२२ नंतर अमेरिकेतील अशा असंख्य गुंतवणूकदारांना जो फटका बसला, त्यामागील गणित समजून घेणे म्हणूनच येथील वाचकांनाही उपयोगाचे ठरेल.

व्यवहाराची रचना

या व्यवहारात दोन पक्ष असतात. इमारत शोधणे, कर्ज मिळवणे, दुरुस्ती करून घेणे आणि योग्य वेळी विक्री करणे ही कामे प्रवर्तक करतो. त्याला ‘जनरल पार्टनर’ म्हणतात. भांडवलाचा मोठा भाग पुरवणारे गुंतवणूकदार ‘लिमिटेड पार्टनर’ असतात. त्यांची जबाबदारी सामान्यतः गुंतवलेल्या रकमेपुरतीच मर्यादित असते. मात्र दैनंदिन निर्णयांत त्यांना अधिकारही नसतो.

असे व्यवहार बहुधा अमेरिकी रोखे नियमांतील ‘रेग्युलेशन डी’ या सवलतीखाली होतात. त्यामुळे रोख्यांची रीतसर सार्वजनिक नोंदणी करावी लागत नाही. २०१२ च्या जॉब्स कायद्याने अशा विक्रीची उघड जाहिरात करण्याचीही मुभा दिली. अट इतकीच की सर्व खरेदीदार ‘मान्यताप्राप्त गुंतवणूकदार’ असावेत. वार्षिक उत्पन्न २ लाख डॉलरहून अधिक किंवा राहते घर वगळून संपत्ती १० लाख डॉलरहून अधिक, हे त्याचे मुख्य निकष आहेत. व्यवहार चांगला की वाईट, याची तपासणी नियामक करीत नाही. ती जबाबदारी सर्वस्वी गुंतवणूकदाराची.

पैसे वाटण्याचा क्रम

भाड्यातून आलेला पैसा ठरावीक क्रमाने खाली उतरतो. प्रथम मालमत्ता कर, विमा, दुरुस्ती आणि व्यवस्थापनाचा खर्च भागतो. उरते ते निव्वळ भाडेउत्पन्न. त्यातून कर्जाचे व्याज व हप्ता जातो. त्यानंतरच गुंतवणूकदारांची पाळी येते. त्यांना साधारणतः ६ ते ८ टक्क्यांचा ‘प्राधान्य परतावा’ देण्याचे ठरलेले असते. त्यापलीकडील नफा गुंतवणूकदार आणि प्रवर्तक यांच्यात ७०-३० किंवा ८०-२० अशा प्रमाणात वाटला जातो.

‘प्राधान्य’ या शब्दाने अनेकांची फसगत होते. हे प्राधान्य प्रवर्तकाच्या नफ्यावर असते, बँकेच्या कर्जावर नव्हे. पैसा उरलाच नाही, तर हा परतावा बहुधा केवळ हिशेबात साचत राहतो. तो मुदत ठेवीच्या व्याजासारखा निश्चित नसतो. प्रवर्तकाचे खरेदी शुल्क मात्र व्यवहार होताच वसूल होते आणि व्यवस्थापन शुल्क गोळा झालेल्या भाड्यावर आकारले जाते. म्हणजे गुंतवणूकदाराला काही मिळण्यापूर्वीच प्रवर्तकाचे उत्पन्न सुरू झालेले असते.

शंभर कोटींचे उदाहरण

सोयीसाठी रुपयांत हिशेब मांडू. एक इमारत १०० कोटींना घेतली. ७० कोटी कर्जाचे, ३० कोटी गुंतवणूकदारांचे. निव्वळ भाडेउत्पन्न वर्षाला ५ कोटी, म्हणजे किमतीच्या ५ टक्के. या प्रमाणालाच ‘कॅप रेट’ म्हणतात. कर्जावर ४ टक्के दराने २.८ कोटी व्याज गेले, तर २.२ कोटी उरतात. ३० कोटींवर हा परतावा ७ टक्क्यांहून थोडा अधिक होतो.

प्रवर्तकाचे खरे आकर्षण मात्र विक्रीत असते. स्वयंपाकघरे नवी केली, भाडे वाढवले आणि निव्वळ उत्पन्न ६ कोटींवर नेले, तर त्याच ५ टक्के दराने इमारतीची किंमत १२० कोटी होते. वाढलेले २० कोटी गुंतवणूकदारांच्या ३० कोटींवर मिळतात. किंमत २० टक्के वाढली, भांडवलावरील नफा मात्र शुल्क व प्रवर्तकाचा वाटा वजा करण्यापूर्वी जवळजवळ ६७ टक्के झाला. ही किमया कर्जाची आहे.

आता हेच गणित उलट फिरवून पाहावे. उत्पन्न ५ कोटीच राहिले. एकही भाडेकरू घर सोडून गेला नाही. परंतु बाजारातील व्याजदर चढल्यामुळे नवा खरेदीदार ५ ऐवजी ६.२५ टक्के उत्पन्न मागू लागला. इमारतीची किंमत ८० कोटींवर येते. बँकेचे ७० कोटी आधी फेडायचे असल्याने गुंतवणूकदारांच्या ३० कोटींपैकी केवळ १० कोटी उरतात. इमारतीची किंमत २० टक्के घसरली आणि दोनतृतीयांश भांडवल गेले. कर्ज बदलत्या दराचे असेल आणि तो दर ७.५ टक्क्यांवर गेला, तर व्याजच ५.२५ कोटी होते. इमारत पूर्ण भरलेली असूनही दरवर्षी २५ लाखांची तूट येते.

२०२२ नंतर काय घडले

हे उदाहरण काल्पनिक असले तरी अमेरिकेत घडले ते याच वाटेने. महासाथीच्या काळात व्याजदर शून्याजवळ होते. टेक्सास, जॉर्जिया, ॲरिझोना, फ्लोरिडा या राज्यांत भाडी वेगाने वाढत होती. अनेक प्रवर्तकांनी किमतीच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत अल्प मुदतीची, बदलत्या व्याजदराची कर्जे घेतली. दोन-तीन वर्षांत भाडे वाढवून इमारत विकायची किंवा स्थिर दराच्या कर्जात जायचे, असा बेत होता.

मार्च २०२२ पासून फेडरल रिझर्व्हने दर वाढवण्यास प्रारंभ केला. ० ते ०.२५ टक्क्यांवरील दर जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर पोहोचला. दरवाढीपासून संरक्षण देणारे ‘इंटरेस्ट रेट कॅप’ हे करार बहुधा दोन-तीन वर्षांचेच असत. त्यांचे नूतनीकरण अनेक पटींनी महागले. विम्याचे हप्ते वाढले. त्याच सुमारास नव्या सदनिका मोठ्या संख्येने बाजारात आल्याने भाडेवाढही थंडावली. २०२३ च्या वसंतात ह्यूस्टन येथील तीन हजारांहून अधिक सदनिकांची चार संकुले एकाच प्रवर्तकाच्या हातून कर्जदात्याकडे गेली. इतरत्र परतावा थांबवण्यात आला आणि काही ठिकाणी गुंतवणूकदारांकडे अतिरिक्त भांडवलाची मागणी करण्यात आली. अशी मागणी नाकारणाऱ्याचा हिस्सा करारानुसार कमी होऊ शकतो.

भारतातील चित्र

भारतात सदनिका प्रामुख्याने एकेक करून विकल्या जातात. घरभाड्याचे वार्षिक उत्पन्न बहुतेक शहरांत किमतीच्या २ ते ४ टक्के असते आणि कर्जाचा दर त्याहून बराच जास्त. त्यामुळे कर्ज काढून भाड्याची निवासी इमारत चालवणे परवडत नाही. येथील सामूहिक गुंतवणूक मुख्यतः कार्यालये व मॉल यांच्याकडे वळली, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण.

‘सेबी’ने २०१४ मध्ये रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट, म्हणजेच ‘रीट’साठी नियम केले. २०१९ मध्ये पहिला रीट शेअर बाजारात नोंदला गेला. रीटला किमान ८० टक्के मालमत्ता पूर्ण झालेल्या व उत्पन्न देणाऱ्या प्रकल्पांत ठेवावी लागते, वाटपयोग्य रोकडीपैकी किमान ९० टक्के वाटावी लागते आणि कर्ज मालमत्तेच्या मूल्याच्या ४९ टक्क्यांपलीकडे नेता येत नाही. ही शेवटची अट वरील उदाहरणाला लावून पाहावी. कर्ज ४९ कोटी आणि भांडवल ५१ कोटी असते, तर किंमत ८० कोटींवर आल्यावरही ३१ कोटी शिल्लक राहिले असते.

मार्च २०२४ मध्ये लघु व मध्यम रीटची तरतूद झाली. ५० ते ५०० कोटींच्या मालमत्ता, किमान २०० गुंतवणूकदार, किमान १० लाख रुपयांची गुंतवणूक आणि ९५ टक्के मालमत्ता पूर्ण व उत्पन्न देणारी, अशा तिच्या प्रमुख अटी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेंगळुरूतील एका कार्यालयीन इमारतीवर आधारित पहिली योजना बाजारात आली.

गोव्यात कोणते प्रश्न विचारावेत

या चौकटीबाहेर खाजगी कंपनी किंवा भागीदारी संस्था स्थापून घराचे हिस्से विकले जातात, तेव्हा रीटचे संरक्षण मिळत नाही. अशा वेळी पहिला प्रश्न असा की, आपल्या नावावर नेमके काय होणार आहे: घराचा अविभक्त हिस्सा, कंपनीचे समभाग, की केवळ वर्षातील काही दिवस वापरण्याचा हक्क? एक-चौदाचा उतारा आणि सनद कोणाच्या नावे आहे? प्रकल्प निर्माणाधीन असेल, तर गोवा रेरामध्ये त्याची नोंद आहे का? पर्यटकांना भाड्याने देऊन उत्पन्न दाखवले असेल, तर पर्यटन खात्याकडील नोंदणी कोणाची? पावसाळ्यातील रिकामे महिने हिशेबात धरले आहेत का? हिस्सा विकायचा झाल्यास खरेदीदार कोण आणता येईल?

त्यानंतर कर्जाचे प्रश्न येतात. किमतीच्या किती टक्के कर्ज आहे, दर स्थिर आहे की बदलता, आणि मुदत संपेल त्या वर्षी घर विकले गेले नाही तर काय होणार? प्रवर्तकाने स्वतःचे किती पैसे घातले आहेत, आणि ते शुल्कातून आधीच वसूल होतात का? माहितीपत्रकातील अपेक्षित परताव्याचा आकडा या उत्तरांवर अवलंबून असतो. बहुतेक माहितीपत्रकांत तो पहिल्या पानावर असतो. कर्जाच्या अटी मात्र करारातच वाचाव्या लागतात. स्वाक्षरीपूर्वी तो करार एखाद्या स्वतंत्र वकिलाला आणि सनदी लेखापालाला दाखवण्याचा खर्च गुंतवणुकीच्या मानाने किरकोळच असतो.