रॉकेल नको, चिमटा हवा

एखादा माणूस पाठ सोडत नसला की आपण म्हणतो, ‘गोचिडीसारखा चिकटलाय!’ मराठी माणसाची या एवढ्याशा जिवाशी फार जुनी ओळख आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायातही ती भेटते. गाईच्या कासेला चिकटलेली गोचीड, दूध एका कातडीच्या अंतरावर असताना ते सोडून रक्तच पिते, असा तिथला दृष्टांत आहे. सातशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आज कुठल्याही गोठ्यात जाऊन पडताळून बघता येते.

ओळख जुनी, म्हणून उपायही जुने आणि घरोघरी वेगळे. कुणी गोचिडीवर रॉकेल टाकतो, कुणी पेटती उदबत्ती लावतो. कुणी चुना, कुणी तंबाखूचे पाणी, कुणी मीठ. यातले ठेवावे काय आणि टाकावे काय, एवढेच आज आपण बघणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. पण आपल्या कोल्हापूरला लागून असलेल्या सिंधुदुर्गात गोचिडीच्या चाव्याने माणसे दगावली आहेत, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

आधी या पाहुणीची माहिती करून घेऊ. गोचीड म्हणजे कीटक नव्हे. ती कोळी आणि विंचू यांच्या गोतावळ्यातली, आठ पायांची. अंड्यातून बाहेर पडते तेव्हा मात्र तिला सहाच पाय असतात आणि आकार खसखशीच्या दाण्याएवढा. एकदा रक्त पिऊन कात टाकली की आठ पायांचे पिल्लू होते, तिळाएवढे. पुन्हा रक्त, पुन्हा कात, मग प्रौढ गोचीड. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी अगदी एरंडाच्या बीसारखी दिसते. एरंडाचे शास्त्रीय नाव ‘रिसिनस’ आहे आणि लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थच गोचीड! दूरदेशीच्या माणसांनाही तेच साम्य दिसले होते. ही फुगलेली मादी जनावराच्या अंगावरून खाली पडते, भेगेत किंवा पाचोळ्यात हजारो अंडी घालते आणि मरते.

गोचिडीला उडता येत नाही, पिसवेसारखी उडीही मारता येत नाही. ती गवताच्या टोकावर जाऊन पुढचे पाय पसरून वाट बघत बसते. तिच्या पुढच्या पायांत वास आणि ऊब ओळखणारी इंद्रिये असतात. आपल्या श्वासाचा माग तिला तिथून लागतो. आपण गवताला घासून गेलो की ती कपड्याला धरते आणि मऊ कातडीची जागा शोधत वर सरकते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तिच्या तोंडाला मागे वळलेले बारीक दात असतात. शेतातले कुसळ धोतरात जसे शिरते आणि उलटे ओढले की अडकते, तसेच हे. शिवाय अनेक जातींच्या गोचिडी तोंडाभोवती डिंकासारखा पदार्थ सोडून स्वतःला चिकटवून घेतात. त्यांच्या लाळेत जागा बधिर करणारे आणि रक्त गोठू न देणारे घटक असतात. म्हणून डास चावला की आपण लगेच चापट मारतो, पण गोचीड दोन-तीन दिवस अंगावर राहिली तरी पत्ता लागत नाही. रोग येतो तो या लाळेतून. ‘लाळ’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली. पाठोपाठ आसपासच्या गावांत तापाची साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधून काढला. जंगलाच्या नावावरून त्याला ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ म्हणतात, लोकांच्या तोंडी तो ‘माकडताप’. माकड बिचारे नावापुरते. ते स्वतःच या रोगाने मरते आणि रोग पसरवते ती रानातली गोचीड. माकड मेले की तिच्यासारख्या अनेकजणी त्याच्या अंगावरून उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. तिथून जाणाऱ्या माणसाला त्या धरतात.

अनेक वर्षे हा रोग कर्नाटकातलाच मानला जाई. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आढळला, २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात आणि त्यानंतर बांदा परिसरात. तिलारी घाट उतरला की दोडामार्ग, आंबोली उतरली की सावंतवाडी आणि बांदा. चंदगड-आजऱ्याची माणसे रोज हे घाट चढतात-उतरतात. दोन्हीकडे काजूच्या बागा आहेत आणि काजूचा हंगाम नेमका माकडतापाच्या दिवसांत येतो. डिसेंबर ते मे हा काळ जोखमीचा, कारण तेव्हा गोचिडीची तिळाएवढी पिल्ले रानात पसरलेली असतात.

चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी मोठा ताप येतो. डोके दुखते, अंग मोडून येते, उलट्या होतात. काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. शंभर रुग्णांमागे तीन ते पाच दगावतात. या विषाणूवर खास असे औषध नाही, वेळेवर दवाखान्यात पोचून शरीराला आधार देणे हाच उपचार. जुनी लस परिणाम पुरेसा नसल्याने बंद झाली, नव्या लसीचे काम चालू आहे. एक दिलासा आहे. हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकण्याचे काही कारण नाही.

आता आपल्या घरगुती उपायांकडे वळू. पेटती उदबत्ती किंवा विडी लावली की गोचीड वळवळते, हे खरे. पण भाजलेला, चिडलेला तो जीव सुटण्याआधी जखमेत आणखी लाळ सोडू शकतो, आणि आपल्याला भीती आहे ती लाळेचीच. शिवाय आपली कातडी भाजते ती वेगळीच. रॉकेलचेही तेच. रॉकेल आता घरात दुर्मीळ झाले, तर त्याची जागा पेट्रोलने आणि सॅनिटायझरने घेतली. चिकटलेल्या गोचिडीवर यातले काहीही ओतू नका. चुन्याने कातडी पोळते. खोबरेल तेल, तूप, व्हॅसलीन, नेलपॉलिश लावून तिला गुदमरवायचे, असाही एक उपाय सांगतात. पण गोचीड श्वासच फार सावकाश घेते. तिला गुदमरायला कित्येक तास लागतात आणि तेवढा वेळ तिचे जेवण चालूच राहते. सीताफळाच्या बियांची भुकटी डोक्याला लावतात, ती तर डोळ्यांत गेली की बुबुळाला गंभीर इजा होते. लहान मुलांना ती मुळीच लावू नये.

मग करायचे काय? उपाय घरगुतीच आहे आणि आजोबांच्या करगोट्याला बांधलेला असायचा: काटा काढायचा चिमटा. आठवडी बाजारात मिळतो. भुवया कोरायचा बारीक टोकाचा चिमटाही चालतो. गोचिडीचे पोट धरायचे नाही. पोट दाबले की आतला ऐवज जखमेत जातो. कातडीच्या अगदी लगत, तिच्या तोंडाजवळ धरायचे आणि सरळ वर, एकसारख्या जोराने, सावकाश ओढायचे. हिसका द्यायचा नाही, पिळायचेही नाही. चिमटा जवळ नसेल तर शिवणाच्या दोऱ्याचा फास तिच्या तोंडाशी घट्ट करून वर ओढावा. तेही जमले नाही तर बोटांना कागद किंवा प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून काढावी, पण दिवसभर थांबू नये. ती जितकी जास्त वेळ चिकटून राहील तितकी जोखीम वाढते.

तोंडाचा तुकडा आत राहिला तर सुईने उकरत बसू नका. सहज निघाला तर ठीक, नाहीतर कातडी त्याला आपोआप बाहेर टाकते. जागा साबणाने धुवा, मग स्पिरिट लावा. हातही धुवा. काढलेली गोचीड नखावर चिरडायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडायला हवी. २०११ मध्ये गुजरातमध्ये क्रायमिन-काँगो नावाचा रक्तस्रावी ताप आढळला. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो, तसा तिला चिरडताना रक्त हाताला लागूनही होऊ शकतो. म्हणून ती स्पिरिटच्या बाटलीत टाका किंवा चिकटपट्टीत बंद करून टाकून द्या. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. पुढचे दोन-तीन आठवडे ताप, पुरळ, जोराची डोकेदुखी झाली तर ती खूण उपयोगी पडते.

रानातून, काजूच्या बागेतून आल्यावर अंग तपासण्याची सवय लावून घ्यावी. कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, नाडी बांधतो तिथे कमरेला, जांघेत आणि गुडघ्याच्या मागे बघावे. तिळाएवढी पिल्ले डोळ्यांना सहज दिसत नाहीत, बोटांना लागतात. गरम पाण्याने अंघोळ करावी, कपडे गरम पाण्यात टाकावेत. रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घालावेत. रानात जाणाऱ्यांसाठी अंगाला लावायचे ‘डेपा’ नावाचे तेल असते. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत ते तयार झाले. मेलेले माकड दिसले तर हात लावू नये, जवळ जाऊ नये, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावे.

आता जनावरांचे. कोल्हापूर म्हणजे दुधाचा जिल्हा. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवणारी ही नगरी. म्हशीची शिंगे रंगवणाऱ्याने तिचे कान, कास आणि शेपटीची खालची बाजूही बघावी. गोचीड नुसते रक्त पीत नाही. संकरित गाईंना तिच्यामुळे थायलेरियाचा ताप येतो, गाठी सुजतात, दूध आटते आणि वेळेवर औषध नाही मिळाले तर गाय हातची जाते. दुसऱ्या एका रोगात लघवी लाल होते. यावर घरी काही करत बसू नये, पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. औषध दिल्यावर किती दिवस दूध विकायचे नाही, हेही तिथेच विचारून घ्यावे.

आमच्याकडे बकरी ईदच्या आधी काही दिवस बकरा घरी येतो. पोरे त्याच्या गळ्यात पडतात, उशाशी घेऊन झोपायचा हट्ट धरतात. आणलेला बकरा आधी अंगणात थांबवावा, त्याचे कान आणि मांड्या तपासाव्यात, मगच पोरांच्या हवाली करावा. गोचिडीचे औषध द्यायचे असेल तर डॉक्टरांना ईदची तारीख सांगावी. औषधाचा अंश मांसात किती दिवस राहतो, ते त्यांना ठाऊक असते.

कुत्र्याच्या कानात, पट्ट्याखाली आणि बोटांच्या बेचक्यात गोचिडी दडतात. काढायची रीत तीच, चिमट्याची. पण लसूण-कांदा खाऊ घालू नका, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासतात. डांबराच्या गोळ्या त्याच्या अंथरुणात ठेवू नका, त्या विषारी असतात. कुत्र्याचे औषध मांजराला लावू नका. त्यातला परमेथ्रीन नावाचा घटक मांजराच्या जिवावर बेततो. आणि सर्वांत मोठे संकट म्हणजे शेतात फवारायचे कीटकनाशक अंदाजाने पाण्यात मिसळून जनावर धुणे. जनावर अंग चाटते, धुणाऱ्याच्या हाताला ते लागते, पोरे त्याच जनावराला बिलगतात. तंबाखूचे पाणीही त्याच पंगतीतले. निकोटीन हे जहालच विष आहे.

मग आजीच्या बटव्यातले काहीच उरले नाही का? उरले ना! कडुनिंबाचे आणि करंजाचे तेल जनावराच्या अंगावर चोळले तर गोचिडी काही प्रमाणात दूर राहतात. ते चिकटलेलीला काढण्यासाठी नाही, नवीला येऊ न देण्यासाठी. गोठ्याच्या भेगा बुजवणे, भिंतींना चुन्याचा हात देणे, पाचोळा आणि जुना गोणपाट काढून टाकणे, हे तर फार मोलाचे, कारण अंडी तिथेच असतात. जनावर कितीही धुतले आणि गोठा तसाच ठेवला, तर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. गोठ्यात फिरणाऱ्या कोंबड्या खाली पडलेल्या गोचिडी टिपतात, हेही जुन्या माणसांनी बघूनच ठेवले होते. चुना भिंतीला चांगला, कातडीला वाईट. तेल अंगावर चांगले, गोचिडीवर वाया. उपाय तेच आहेत, त्यांची जागा तेवढी नीट ओळखायला हवी.

तेव्हा घरातल्या आरशामागे एक बारीक टोकाचा चिमटा ठेवा. आणि ताप आलाच तर डॉक्टरांसमोर बसल्यावर, त्यांनी विचारण्याची वाट न बघता, पहिल्यांदा हे सांगा: ‘डॉक्टर, अमुक तारखेला मला गोचीड चावली होती.’