मुतखडा गेला, नळीचे काय?

मुतखड्याचा त्रास सुरू झाला, की रुग्ण ‘किडनीच्या डॉक्टरां’चा शोध घेऊ लागतो आणि तेथेच त्याचा गोंधळ उडतो. मूत्रपिंडाचे कार्य मंदावणे, त्याला सूज येणे, डायलिसिस हे विषय नेफ्रॉलॉजिस्टचे. खडा, मूत्रमार्गातील अडथळा, प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, मूत्राशयातील गाठ अशा, शस्त्रक्रियेची गरज भासू शकणाऱ्या विकारांसाठी युरॉलॉजिस्ट गाठावा लागतो. हा फक्त पुरुषांचा डॉक्टर, असा समज आजही आढळतो. मुतखडा मात्र स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही.

साडेचार वर्षांचे एमबीबीएस, एक वर्षाची आंतरवासिता, जनरल सर्जरीतील तीन वर्षांचे एमएस आणि त्यानंतर युरॉलॉजीतील तीन वर्षांचे एमसीएच, असा हा साडेअकरा वर्षांचा सरळ हिशेब आहे. प्रवेश परीक्षांच्या तयारीत जाणारी वर्षे निराळी!

पूर्वी खडा काढायचा म्हणजे कुशीत मोठा छेद घ्यावा लागे. 1976 मध्ये स्वीडनमध्ये पाठीतील लहानशा छिद्रातून खडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि 1980 मध्ये म्युनिक येथे शरीराबाहेरून आघाततरंगांनी खडा फोडण्यात यश आले. आता लघवीच्या मार्गाने दुर्बीण नेऊन लेसरने खड्याचा चुरा करता येतो. टाके नाहीत, व्रण नाही. रुग्णाला आपण पूर्ण बरे झालो असे वाटते ते यामुळेच.

प्रत्यक्षात अशा अनेक शस्त्रक्रियांनंतर मूत्रपिंड ते मूत्राशय अशी एक बारीक, लवचीक नळी आत ठेवलेली असते. तिची दोन्ही टोके इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी वळलेली असल्याने तिला ‘डबल जे स्टेंट’ म्हणतात. सूज आली किंवा खड्याचे कण अडकले, तरी लघवी वाहती राहावी, हे तिचे काम. अडकलेल्या खड्यासोबत थंडी-ताप असेल तर डॉक्टर प्रथम केवळ नळी घालतात आणि जंतुसंसर्ग आटोक्यात आल्यावर खड्याकडे वळतात. ‘पैसे घेतले, पण खडा तसाच,’ अशी नातेवाइकांची तक्रार बहुधा याच वेळी होते; परंतु तुंबलेल्या, पू झालेल्या मूत्रपिंडात खडा फोडू लागल्यास जंतू रक्तात पसरून प्राणावर बेतू शकते.

नळी आत असेपर्यंत वारंवार लघवीला लागणे, कुशीत दुखणे, लघवी लालसर होणे असा त्रास संभवतो. काहींना तो जाणवतही नाही, आणि खरा धोका त्यांनाच अधिक. बहुतेकांची नळी काही दिवसांत वा आठवड्यांत काढायची असते. ती महिनोन्‌महिने राहिली, तर तिच्यावर क्षारांची पुटे चढून नवेच खडे तयार होतात. ज्या नळीला दुर्बिणीने काही मिनिटांत, बहुधा केवळ जागा बधिर करून काढता आले असते, तिच्यासाठी मग मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. क्वचित मूत्रपिंडही गमवावे लागते.

म्हणूनच दक्ष युरॉलॉजिस्ट अशा रुग्णांची स्वतंत्र नोंदवही ठेवतात आणि न फिरकलेल्यांना दूरध्वनी करतात. पण गाव बदलते, मोबाइल क्रमांक बदलतो. घरी जाताना मिळणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर नळी घातल्याचा उल्लेख आणि ती काढण्याची तारीख आहे ना, हे रुग्णालय सोडण्यापूर्वीच पाहून घ्यावे. जुन्या शस्त्रक्रियेविषयी शंका असल्यास पोटाच्या साध्या एक्स-रेमध्येही ही नळी सहसा स्पष्ट दिसते.