ऑनलाइन धड्याला नवं ॲप कशाला? पॉवरपॉइंट आणि व्हॉट्सॲप पुरे

ऑनलाइन धडा म्हटलं की बरेच शिक्षक आधी नवं ॲप शोधू लागतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांची अडचण मात्र वेगळीच. घरात फोन एकच, तोही वडील कामावर नेतात. मुलाच्या हाती तो रात्री येतो, म्हणजे सकाळचा लाइव्ह तास वायाच.

त्यापेक्षा पॉवरपॉइंटमध्ये ५-६ स्लाइड करायच्या, एका स्लाइडवर एकच मुद्दा, अक्षर मोठं. 'रेकॉर्ड' दाबून वर्गात बोलतो तसंच बोलायचं. चुकलं तर तेवढीच स्लाइड पुन्हा. आवाज स्लाइडनिहाय साठवला जातो. व्हिडिओ काढताना ४८० पी निवडलं की फाइल लहान होते. मग ती वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची.

उजळणीला गूगल फॉर्म. 'क्विझ' सुरू करून बरोबर उत्तरं आधी भरली की पर्यायी प्रश्न आपोआप तपासले जातात. मेख एकच. 'एकदाच उत्तर' अशी अट लावली तर गूगल खात्यातून लॉगिन लागतं आणि एकाच फोनवर शिकणाऱ्या, एकाच वर्गातल्या चुलत भावंडांपैकी दुसऱ्याला फॉर्म भरताच येत नाही. ती अट बंद ठेवून पहिला प्रश्न नाव आणि हजेरी क्रमांकाचा ठेवावा. वहीतलं गणितही फॉर्मवर मागू नये, फाइल जोडायला पुन्हा लॉगिन आलंच. त्याचा फोटो सरळ व्हॉट्सॲपवर मागवावा.