एक सेंटिमीटर रबर

टायरच्या कडेवर कोरलेला आकडा कधी नीट वाचून पाहा. १८५/६५ आर १५. यातले १८५ मिलिमीटर आहेत, टायरची रुंदी. १५ इंच आहेत, रिमचा व्यास. मधले ६५ मात्र ना मिलिमीटर ना इंच. ती टक्केवारी आहे. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, असा त्याचा अर्थ. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच गुण्यागोविंदाने नांदतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही! पण या लिहिण्यात एक खोच आहे. उंची रुंदीवरून काढलेली असल्यामुळे मधला आकडा तोच ठेवून रुंदी वाढवली, तर उंचीही आपोआप वाढते. म्हणजे रुंद टायर मागायला गेलेला माणूस नकळत मोठं चाक घेऊन घरी येतो.

टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसच्या बाबतीत अमेरिकेत नेमकं हेच घडत गेलं. १९९७च्या डिसेंबरमध्ये जपानात आलेली पहिली प्रियस ही मोठ्या प्रमाणावर तयार झालेली जगातली पहिली हायब्रिड गाडी. २००३मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि तिने हायब्रिडला घराघरात नेलं. तिच्या पायात होते हेच १८५/६५ आर १५. ते झिजल्यावर मालक दुकानात जायचा. तिथे या मापात निवड थोडी, आणि शेजारच्या १९५/६५ आर १५ मध्ये मात्र रांगच्या रांग, कारण ते माप कितीतरी मध्यम गाड्यांना चालतं. रिम तोच राहतो, बसतंही व्यवस्थित. फरक दहा मिलिमीटरचा, म्हणजे एक सेंटिमीटर. कोण नाही म्हणेल? ग्रिप वाढेल, गाडी भारदस्त दिसेल.

मग काही दिवसांनी गाडीचं अ‍ॅव्हरेज पडल्याचं लक्षात यायचं. साध्या गाडीत हे कळलंही नसतं. पण प्रियसच्या डॅशबोर्डच्या मधोमध एक पडदा होता, आणि त्यावर अ‍ॅव्हरेजचा ताजा आकडा सतत दिसायचा. तो बघत बघत गाडी चालवायची सवय लागलेल्या माणसाला एक किलोमीटरची घटही टोचते. अमेरिकी सरकारच्या सुधारित चाचणीनुसार ही गाडी सरासरी ४६ मैल प्रतिगॅलन देते, म्हणजे लिटरला साधारण १९.६ किलोमीटर. समजा, रुंद टायर घातल्यावर पडदा १८.३ दाखवू लागला. मग सव्वा किलोमीटर गेला कुठे?

पहिला भाग कुठेच गेलेला नसतो. ओडोमीटरला रस्ता दिसत नाही. त्याला फक्त चाकाचे फेरे कळतात, आणि एका फेऱ्यात किती अंतर हे कारखान्यात ठरवलेलं असतं. गणित करून बघू. जुन्या टायरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर, नव्याचा ६३४.५. जुनं चाक एका फेऱ्यात १ मीटर ९५ सेंटिमीटर जायचं, नवं १ मीटर ९९ जातं. दर फेऱ्याला चार सेंटिमीटर रस्ता गाडीच्या वहीत लिहिलाच जात नाही. तुम्ही खरोखर १०० किलोमीटर जाता, गाडी ९८ मोजते. पेट्रोल मात्र पूर्ण शंभराचं जळलेलं असतं. म्हणून अ‍ॅव्हरेज दोन टक्क्यांनी कमी दिसतं, जवळजवळ ०.४ किलोमीटर. ही घट नुसती कागदावरची. ती न वजा करताच टायरला शिव्या घालणारे लोक पुष्कळ आहेत.

उरलेली घट मात्र खरी आहे, आणि तिचं मूळ फार मजेदार ठिकाणी आहे.

लांब पल्ला मारून आल्यावर टायरला हात लावला तर तो गरम लागतो. बहुतेकांना वाटतं, रस्त्याशी घासून तापला असेल. पण सरळ चाललेलं चाक घासत नाही, ते लोळतं. उष्णता येते ती रबराच्या आतून. गोल टायरचा जमिनीला टेकलेला भाग सपाट होतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा गोल होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला टायरचा प्रत्येक कण सेकंदाला आठ-नऊ वेळा असा दबून उठतो. रबर दाबायला जितकी ऊर्जा लागते, तितकी ते उठताना परत करत नाही. थोडी ठेवून घेतं, आणि ठेवलेली ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते. टायरच्या लोळण्याला होणारा विरोध म्हणतात तो जवळजवळ सगळा हाच.

तो किती असतो याचं उत्तर युरोपातल्या टायरवरच्या लेबलात मिळतं. २०१२पासून तिथे टायरला लेबल लागतं, आणि २०२१पासून त्यावर ‘ए’ ते ‘ई’ अशा पाच श्रेणी आहेत. सर्वांत चांगल्या ‘ए’ श्रेणीत गाडीच्या दर टनामागे ६.५ किलोपर्यंत विरोध चालतो; ‘ई’ श्रेणी १०.६ किलोपासून सुरू होते. माणसं धरून १४०० किलोची प्रियस घेतली तर ‘ए’ टायरवर तिला सपाट रस्त्यावर चालती ठेवायला, वारा सोडला तर, फक्त ९ किलो वजन उचलण्याएवढा जोर पुरतो. चौदाशे किलोंना नऊ किलो! चाक या वस्तूपुढे हात जोडावेत ते इथे. ‘ई’ टायरवर हाच आकडा १५ किलोच्या आसपास जातो. मधल्या सहा किलोंचा हिशेब केला तर दर १०० किलोमीटरला सुमारे अर्धा लिटर पेट्रोल निघतं. आणि वारा? प्रियससारख्या निमुळत्या गाडीला ताशी ६० वेगाला हवेचा विरोध जेमतेम १० किलोचा होतो. म्हणजे शहराच्या वेगात वाऱ्याइतकाच, कधी त्याहूनही जास्त, टायर गाडीला मागे ओढतो.

हायब्रिडमध्ये हे इतकं ठळक का दिसतं, तर हायब्रिड म्हणजेच मुळात ऊर्जेची गळती बुजवण्याचा उद्योग. सिग्नलला इंजिन बंद. ब्रेक दाबला की मोटर उलटं काम करते, जनरेटर होते, आणि गाडीच्या वेगातली ऊर्जा बॅटरीत परत भरते. साध्या गाडीत ब्रेकच्या तबकड्या तापवून वाया जाणारी ऊर्जा इथे पुन्हा चाकांना मिळते. इतक्या भोकांना बूच लावल्यावर उरतात दोनच मोठी भोकं: वारा आणि टायर. वाऱ्याचा विरोध गाडीच्या आकारात ठरून गेलेला असतो, मालकाला तो बदलता येत नाही. टायर मात्र तो तासाभरात बदलून घेतो, आणि त्या तासात अभियंत्यांचं कित्येक वर्षांचं काम थोडंसं पुसून टाकतो.

यातही एक नाजूक भेद आहे. रुंद टायर जड असतो, म्हणून चाकाला वेग द्यायला जास्त ऊर्जा लागते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खरी आहे. पण ती ऊर्जा वेगात साठलेली असते आणि हायब्रिड ब्रेक मारताना तिचा बराच वाटा परत घेते. रबराने उष्णता करून टाकलेली ऊर्जा मात्र कुठलीही मोटर परत आणू शकत नाही. जडपणाला हायब्रिड बरंच माफ करते. मऊ, आळशी रबराला अजिबात नाही.

आता रुंदीचीच चौकशी करू. रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त रबर टेकणार, असं कुणीही शपथेवर सांगेल. पण एका चाकावर ३५० किलो भार आणि आत ३३ पीएसआय हवा असेल, तर टेकणाऱ्या जागेचं क्षेत्रफळ साधारण १५० चौरस सेंटिमीटर येतं. आपल्या टपालखात्याच्या पोस्टकार्डाहून जरासं मोठं. ते भार आणि हवेचा दाब हे दोघे मिळून ठरवतात. भिंतींच्या ताठरपणामुळे थोडा इकडेतिकडे फरक पडतो, एवढंच. टायर रुंद केला आणि हवा तितकीच ठेवली, तर क्षेत्रफळ जवळपास तेच राहतं, फक्त त्याचा आकार बदलतो. आधी ते गाडीच्या दिशेने लांबट होतं, आता ते आखूड आणि आडवं होतं. वळणावर गाडी जास्त नेमकी वळते ती या आडव्या आकारामुळे. आणि गंमत पुढेच आहे. टेकलेली जागा आखूड झाली की रबराला कमी वाकावं लागतं. म्हणजे हवा, रबर, बांधणी सगळं तेच ठेवून नुसती रुंदी वाढवली, तर शुद्ध सिद्धान्तानुसार विरोध थोडा कमी व्हायला हवा!

मग घट येते कुठून? रबर बदललं म्हणून.

टायर बनवणाऱ्याचं दुखणं असं की, रस्ता पकडणं आणि ऊर्जा खाणं हा रबराचा एकच गुण आहे. ऊर्जा न खाणारं रबर चेंडूसारखं उसळेल, पण ओल्या रस्त्यावर घसरेल. चांगलं पकडणारं रबर तितकंच खादाड असणार. यातून सुटका कशी? तर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लयीत घडतात. लोळताना रबर सेकंदाला दहा-पंधरा वेळा दबतं. ब्रेक मारल्यावर मात्र ते रस्त्यावरच्या सूक्ष्म खडबडीतून घसटत जातं आणि सेकंदाला हजारो-लाखो वेळा थरथरतं. संथ लयीत कंजूष आणि द्रुत लयीत उधळं, असं रबर करता आलं तर दोन्ही साधतं. काळा रंग देणाऱ्या कार्बनऐवजी सिलिका घालून, ती रबराशी रासायनिक दुव्याने बांधून मिशेलिनने १९९२मध्ये असा टायर बाजारात आणला. प्रयोगशाळेत ही परीक्षा कशी घेतात ते ऐकून तर मी थक्क झालो. लोळण्यातली काटकसर मोजायला रबराचा तुकडा ६० अंशांवर तपासतात, आणि ओल्या रस्त्यावरची पकड अजमावायला शून्य अंशावर. शून्य अंशावर टायर चालणार असतो म्हणून नव्हे. रबराच्या लांब साखळ्यांना थंडी आणि वेग यांतला फरकच कळत नाही. दोन्हींत हालचालीला वेळ अपुरा पडतो, म्हणून लाखो वेळा थरथरवण्याऐवजी नुसतं थंड केलं तरी रबर तेच उत्तर देतं.

गाडीसोबत येणारा टायर हा बहुधा कार कंपनीने मागणी देऊन करून घेतलेला असतो, आणि हायब्रिडच्या बाबतीत मागणीपत्रावरची पहिली ओळ काटकसरीची असते. १९९९मध्ये आलेल्या होंडा इनसाइटचे अरुंद १६५/६५ आर १४ टायर हे याचं टोकाचं उदाहरण. ते बदलले की अ‍ॅव्हरेज उतरतं, हे तिच्या मालकांना पक्कं ठाऊक असतं. दुकानातला टायर वेगळ्या गिऱ्हाइकासाठी बनलेला असतो. ‘किती हजार चालेल?’ आणि ‘पावसात धरतो का?’ हे त्याचे प्रश्न. शिवाय आपण तुलना करतो ती घासून गुळगुळीत झालेल्या जुन्या टायरशी. नव्या टायरच्या नक्षीची खोली सुमारे आठ मिलिमीटर असते, आणि दबणारं-उठणारं रबर मुख्यतः तेच. नक्षी झिजत जाते तसा विरोध साधारण पाचव्या हिश्शाने उतरतो. जुना टायर मरायला टेकलेला असतो तेव्हाच सगळ्यात काटकसरी असतो. अगदी त्याच मापाचा, त्याच कंपनीचा नवा टायर घातला असता तरी अ‍ॅव्हरेज पडलंच असतं.

तेव्हा सव्वा किलोमीटरचा हिशेब असा लागतो. जवळपास ०.४ ओडोमीटरचा भ्रम. उरलेल्या ०.९ मध्ये नव्या नक्षीची जाडी आणि वेगळं रबर. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या त्या एका सेंटिमीटरच्या वाट्याला येतं फारच थोडं: जरा जास्त रबर आणि वाऱ्यासमोर जरा जास्त तोंड.

पावसात मात्र रुंदी खरंच आडवी येते. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६०च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून काढलेल्या सूत्रानुसार ३३ पीएसआय हवेचा गुळगुळीत टायर ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास पाण्यावर तरंगू लागतो. नक्षीमुळे ती मर्यादा वर जाते. पण रुंद टायरला बाजूला सारायचं पाणी जास्त असतं आणि टेकलेली जागा आखूड असल्याने वेळ कमी, म्हणून ती पुन्हा खाली येते. जुलैत मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्याहून जोरात जाणारे लोक रोज दिसतात.

आपल्याकडे हा प्रश्न २०२२च्या मे महिन्यात आलेल्या होंडा सिटीच्या हायब्रिडमुळे घरचा झाला. लिटरला २६.५ किलोमीटरचा दावा आणि पायात १८५/५५ आर १६. ‘फार बारीक दिसतात हो’ म्हणत लोक १९५/५५ किंवा २०५/५०ची चौकशी करतात. पहिल्याने चाक १.८ टक्क्यांनी मोठं होतं. दुसरा रुंदीला वीस मिलिमीटरने जास्त, पण भिंतीची टक्केवारी उतरवलेली, म्हणून व्यासात जेमतेम पाव टक्का फरक. ओडोमीटर फसत नाही. ज्याला रुंदी हवीच त्याने हिशेब असा जुळवावा. आणि रुंदीआधी फ्रिजवर दिसते ती बीईईची ताऱ्यांची पट्टी शोधावी, ती आता टायरलाही मिळते.

टोयोटाचंच पुढे काय झालं, ते बघण्यासारखं आहे. २००९मधल्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसला कंपनीने स्वतःच १९५/६५ आर १५ घातले, तोच ‘रुंद’ टायर, आणि नव्या इंजिनासह गाडीची सरासरी ५० मैलांवर गेली. २०१३मध्ये बीएमडब्ल्यूची आय-थ्री आली ती १५५ मिलिमीटर रुंदीचे, पण १९ इंची रिमवरचे उंच, सडपातळ टायर घेऊन. २०२३च्या पाचव्या पिढीच्या प्रियसमध्ये तर दोन पर्याय आले: साध्या आवृत्तीला १७ इंची रिम, महागड्या आवृत्त्यांना १९ इंची. टायरची रुंदी दोन्हीकडे १९५च. इंजिन तेच, मोटर तीच, वजनात किरकोळ फरक. अमेरिकेतल्या अधिकृत चाचणीत पहिलीला ५७ मैल मिळाले, दुसरीला ५२. किलोमीटरमध्ये सांगायचं तर २४.२ आणि २२.१. एका मिलिमीटरनेही रुंदी न बदलता दोन किलोमीटर गेले. महागडी प्रियस घेतलेले काही मालक आता दुकानात जाऊन १९ इंची चाकं काढतात आणि स्वस्त आवृत्तीची १७ इंची बसवून घेतात.