पगारापलीकडचा खर्च आणि परदेशी जाणारे काम

आमच्या मंगळवेढ्यात मजुरीचा विषय निघाला की चोखोबांची आठवण होतेच. परंपरा सांगते की, गावकुसाची भिंत बांधण्याच्या कामावर चोखोबा इतर मजुरांबरोबर होते. भिंत कोसळली आणि सारे तिच्याखाली गाडले गेले. हा प्रसंग इ. स. 1338 चा मानतात. नामदेवांनी चोखोबांच्या अस्थी पंढरपुरास नेल्या व महाद्वारापाशी समाधी बांधली. त्यांच्याबरोबर मेलेल्या मजुरांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या बायकामुलांचे काय झाले हेही कोणी सांगितले नाही. कामावर जखमी झालेल्या वा मेलेल्या मजुराची भरपाई मालकाने द्यावी, असा कायदा आपल्या देशात व्हायला 1923 साल उजाडावे लागले.

येथूनच आमच्या विषयाला सुरुवात होते. मजुराला दिवसाचे दाम दिले म्हणजे हिशेब संपतो काय? तो आजारी पडतो, म्हातारा होतो, कधी अपघातात सापडतो. या दिवसांचा खर्च कोणी तरी उचललाच पाहिजे. तो मालकाने उचलावा असे ठरले, तर मालक काम उचलून दुसऱ्या देशी नेतो, अशी तक्रार गेली काही दशके जगभर ऐकू येते. तिच्यात तथ्य किती, हे आपण शांतपणे पाहू.

प्रथम आपल्याकडचा हिशेब मांडू. राज्य विमा योजनेचा कायदा 1948 चा, भविष्यनिर्वाह निधीचा 1952 चा, बोनसचा 1965 चा आणि उपदानाचा, म्हणजे ज्याला सारे ग्रॅच्युइटी म्हणतात त्याचा, 1972 चा. हे कायदे 2025 च्या नोव्हेंबरात अमलात आलेल्या नव्या कामगार संहितांत गुंफले गेले आहेत. तत्त्व मात्र तेच आहे. समजा एखाद्या कामगाराचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिना 15,000 रुपये आहे. निधीत मालकाचे 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये. राज्य विम्याचे सव्वातीन टक्के, म्हणजे सुमारे 488. वर्षाला पंधरा दिवसांच्या हिशेबाने उपदान, म्हणजे महिन्याला सुमारे 721. बोनस किमान दराने, म्हणजे 8.33 टक्क्यांनी, आणि सोयीसाठी पूर्ण वेतनावर धरला, तर सुमारे 1,250. बेरीज सव्वाचार हजारांच्या घरात जाते. याचा अर्थ, शंभर रुपये पगार देणाऱ्याला प्रत्यक्षात सुमारे 128 रुपये मोजावे लागतात. हे वरचे 28 रुपये म्हणजेच आपल्या विषयातील ‘लाभांचा खर्च’.

आता अमेरिकेकडे वळू. तेथे आजारपणाचा बोजा कारखान्याच्या दारात कसा आला, हे मोठे मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, सरकारने पगारवाढीवर बंधन घातले. मात्र विमा, निवृत्तिवेतन अशा लाभांना त्यातून सूट दिली. माणसे तर हवी होती आणि पगार वाढवता येत नव्हता. तेव्हा मालकांनी आजारपणाचा विमा देऊ करून कामगार ओढले. पुढे 1954 च्या करकायद्याने या विम्यावरील करमाफी पक्की केली, आणि युद्धकाळातली एक सोय कायमची व्यवस्था होऊन बसली. औषधोपचार महाग होत गेले तसा हा बोजा वाढला. 2024 साली कामगाराच्या कुटुंबाचा विमा वर्षाला सरासरी 25 हजार डॉलरांच्या वर गेला होता, आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग मालक भरत होता.

जनरल मोटर्स या मोटारींच्या कंपनीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. 2005 च्या सुमारास कामगारांच्या व निवृत्तांच्या औषधोपचाराचा तिचा खर्च एका मोटारीमागे सुमारे 1,500 डॉलर पडत असे. मोटारीत बसवलेल्या पोलादापेक्षा हा आकडा मोठा, असे तेव्हा बोलले जाई. त्याच 2005 साली जपानच्या टोयोटा कंपनीने आपल्या नव्या कारखान्यासाठी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात वुडस्टॉक हे ठिकाण निवडले. कॅनडात दवाखान्याचा खर्च सरकार करांतून भागवते, तो कारखानदाराच्या खातेवहीत येत नाही. या निवडीमागे ते एक कारण होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. कॅनडातला कामगार काही स्वस्त नाही. म्हणजे माणसाच्या आजारपणावर दोन्ही देशांत खर्च होतच होता. तो कोणाच्या नावावर मांडायचा, एवढाच फरक होता.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. आपला निधी पगाराच्या टक्केवारीने चालतो. पगार लहान तर वर्गणीही लहान. अमेरिकेतला विमा मात्र माणशी असतो. लाख डॉलर मिळवणाऱ्या अभियंत्याचा विमा आणि तीस हजार मिळवणाऱ्या कारकुनाचा विमा यांत फारसा फरक नाही. अभियंत्याच्या पगाराशी तुलना करता हा बोजा हलका वाटतो, कारकुनाच्या पगारावर तो धोंड्यासारखा बसतो. साहजिकच मालकाची नजर प्रथम कारकुनी कामाकडे, दूरध्वनीवरून उत्तरे देण्याच्या कामाकडे, साध्या जुळणीच्या कामाकडे जाते. ती कामे मेक्सिकोत, फिलिपाइन्समध्ये आणि आपल्या मुंबई-पुण्यातही आली, त्यामागे हा हिशेब होता.

परंतु एवढ्यावरून सारा दोष लाभांच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. अमेरिकेत खाजगी क्षेत्रात लाभांचा वाटा मालकाच्या एकूण खर्चाच्या सुमारे 30 टक्के असतो; उरलेले 70 टक्के पगारच. तेथला आणि येथला पगार यांतली दरी इतकी रुंद की, सर्व लाभ उद्या काढून घेतले तरी ती बुजणार नाही. शिवाय दूरवरच्या संदेशवहनाची सोय, इंग्रजी जाणणारी तरुण मंडळी, बाजारपेठेची जवळीक, ही कारणेही तितकीच खरी आहेत. जर्मनीत मालक व कामगार यांची सामाजिक विम्याची वर्गणी मिळून पगाराच्या सुमारे 40 टक्के होते, तरीही जर्मनी यंत्रांच्या निर्यातीत पुढे आहे. लाभांचा खर्च काम ढकलतो खरा, पण ते एकट्याच्या बळावर ढकलत नाही.

आता दूरदेशाचे सोडून आपल्या अंगणात या. काम पळवण्यासाठी समुद्रच ओलांडावा लागतो असे नाही, राज्याची सीमा पुरते, किंबहुना कधी कधी घराचा उंबरठाही पुरतो. विडी कामगारांना रजा व इतर सवलती देणारा कायदा 1966 साली झाला. केरळने 1968 साली तो अमलात आणायचे ठरवताच मंगळूरच्या एका मोठ्या विडी कारखानदाराने कण्णूर भागातले आपले काम बंद करून ते कर्नाटकात नेले. सुमारे 12 हजार माणसांचे काम गेले. त्या माणसांनी 1969 साली सरकारच्या साहाय्याने ‘दिनेश विडी’ ही सहकारी संस्था उभी केली, आणि जे लाभ परवडत नाहीत असे मालक म्हणत होता, ते सारे देऊन ती कित्येक वर्षे चालवून दाखवली.

मुंबईच्या गिरण्यांची कथाही याच जातीची. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु विणकामाचे माग गिरणीतून निघून भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे वळण्याचा क्रम त्याआधीच सुरू झाला होता. गिरणीत निधी होता, विमा होता, संघटना होती. चार-आठ मागांच्या खोलीत यांपैकी काहीच लागू होत नसे. वीस माणसांना कायदा लागू होतो म्हटले की एका छपराखाली तीन नावांचे तीन कारखाने उभे राहतात. माग तोच, सूत तेच, विणकरही पुष्कळदा तोच. फक्त वरचे 28 रुपये नाहीसे होतात. सोलापुरात विडी वळणाऱ्या बाया पाने-तंबाखू घरी नेऊन काम करतात. त्यांना कामगार म्हणवून घेण्यासाठीच किती वर्षे झगडावे लागले!

ते 28 रुपये खरोखर नाहीसे होतात काय? मुळीच नाही. विणकराची छाती सुतापायी भरून येते तेव्हा ते सावकाराच्या वहीत निघतात. म्हातारी विडी वळण्याइतकी दृष्टी राहिली नाही म्हणून लेकाच्या दारी बसते, तेव्हा ते लेकाच्या ताटातून निघतात. आमच्या तालुक्याच्या दक्षिणेकडील कोरडवाहू गावांतून मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाणारी जोडपी हा खर्च आपल्या अंगावरच काढीत असतात. मालकाने टाळलेला खर्च कुटुंबावर येतो, एवढाच त्याचा प्रवास.

तेव्हा लाभ कमी करा म्हणजे काम टिकेल, हा उपाय आम्हांस पटत नाही. काम याहूनही स्वस्त जागी जाऊ शकतेच. लाभ एकट्या कारखान्याच्या गळ्यात न बांधता साऱ्या समाजाच्या वर्गणीतून, प्रत्येक काम करणाऱ्याला, तो गिरणीत असो, खोलीत असो की फडात असो, सारखे मिळावेत. मग काम इकडून तिकडे नेऊन ते टाळण्याची सोयच उरणार नाही. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठार उघडले ते याच गावी, आणि तेव्हा दाण्याला आलेल्या माणसाला तू कोणाकडे कामाला आहेस, असे त्यांनी विचारल्याचे कोणी सांगत नाही.

ते होईल तेव्हा होवो. आज सोलापुरास, पुण्यास कामाला गेलेल्या आपल्या मुलांना एवढे तरी विचारू या की, निधीचा क्रमांक मिळाला आहे काय, आणि त्यात दरमहा भरणा होतो काय. चोखोबांबरोबर गाडल्या गेलेल्यांची नोंद कोठेच नव्हती. आपल्या मुलांची तरी असावी.