तोफगोळ्यांच्या सुऱ्या

तैवानच्या ताब्यातल्या किनमेन बेटावर स्वयंपाकाच्या सुऱ्या मिळतात. त्यांचे पोलाद चीनने डागलेल्या तोफगोळ्यांचे. २३ ऑगस्ट १९५८ पासून ४४ दिवसांत या लहानशा बेटावर सुमारे पावणेपाच लाख गोळे पडले. पुढे दिवसाआड गोळे येत. त्यांत बहुधा प्रचारपत्रके भरलेली असत. हा क्रम १ जानेवारी १९७९ ला थांबला. बेटावरच्या लोहारांनी त्या पोलादाच्या सुऱ्या केल्या.

हे वैर परक्यांचे नव्हे. १९४९ मध्ये यादवी युद्ध हरलेले चँग कै-शेक यांचे सरकार तैवानला आले. सोबत लाखो माणसे आली. कोणाची आई मागे राहिली, कोणाची बायको. त्यांना गावी जायची परवानगी मिळाली १९८७ च्या अखेरीस. तरुणपणी निघालेले सैनिक म्हातारे होऊन परतले. कित्येकांच्या नशिबी आईची फक्त कबर होती.

पण बेटावर त्यांच्याही आधीपासून राहणारे लोक होते. घरात होक्क्येन किंवा हक्का बोलणारे, १८९५ पासून पन्नास वर्षे जपानी अमलाखाली राहिलेले. त्यांच्या मुलांना शाळेत मँडरिन सक्तीची झाली. म्हणून ‘आपण कोण?’ हा प्रश्न तिथे घराघरांत आहे. दोन्ही किनाऱ्यांवर आज मँडरिन चालते. लिपी मात्र चीनने १९५० च्या दशकात सोपी केली, तैवानने जुनीच ठेवली. ‘प्रेम’ या जुन्या अक्षराच्या पोटात ‘हृदय’ हे अक्षर असते. सोपे करताना नेमके तेच गळाले!

पैशाला मात्र लिपी आड आली नाही. तैवानच्या फॉक्सकॉनने १९८८ मध्येच चीनमधल्या शेन्झेनला कारखाना काढला. २०२० मध्ये तैवानची चाळीस टक्क्यांहून अधिक निर्यात चीन आणि हाँगकाँगला गेली. नंतर तो वाटा उतरला. व्यापाराने मने जुळतील, असा अनेकांचा होरा होता. घडले उलटे. तैवानमधल्या एका विद्यापीठाच्या पाहणीत १९९२ मध्ये स्वतःला ‘फक्त तैवानी’ म्हणवणारे शंभरात सुमारे अठरा होते. २०२० नंतर ते साठांच्या वर गेले. २०१४ मध्ये चीनबरोबरच्या सेवा-व्यापार कराराविरुद्ध विद्यार्थ्यांनी तीन आठवडे संसद अडवून धरली. माल विकावा, पण घराची किल्ली देऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे.

२०१८ मध्ये चीनच्या फुजियान प्रांतातून समुद्राखालच्या नळाने किनमेनला पाणी आले. सोहळा लांबणीवर टाका, असे तैपेईचे सरकार सुचवत होते. तहानलेल्या बेटाने तो केलाच. ज्या किनाऱ्यावरून गोळे आले, त्याच किनाऱ्यावरून आता पाणी येते. बेटकरी ते पितात, आणि तोफगोळ्याच्या सुरीने भाजीही चिरतात. फक्त तोटी कोणाच्या हातात आहे, हे ते विसरत नाहीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)