'चंद्रकांता संतति' : वाचकांचा ध्यास आणि समीक्षेचा निर्वाळा

हिंदी कादंबरीच्या इतिहासात देवकीनंदन खत्री (१८६१-१९१३) यांच्या वाट्याला मोठा चमत्कारिक न्याय आला. रामचंद्र शुक्ल यांनी 'हिंदी साहित्य का इतिहास' (१९२९) या ग्रंथात, खत्री यांनी जितके वाचक निर्माण केले तितके अन्य कोणत्याही ग्रंथकाराने केले नाहीत आणि त्यांच्या कादंबऱ्या वाचता याव्यात म्हणून कित्येक उर्दूजाणते हिंदी शिकले, अशी नोंद केली. त्याच विवेचनात या कादंबऱ्या साहित्याच्या कोटीत येत नाहीत, असा निर्वाळाही दिला. त्यांत घटनावैचित्र्य आहे, परंतु रससंचार आणि चरित्रचित्रण नाही, हे त्याचे कारण. पुढील समीक्षेने बहुतांशी हा निर्वाळा तेवढा स्वीकारला. वाचक एवढे का गुंतले, या प्रश्नाची निकड तिला फारशी भासली नाही.

'चंद्रकांता' १८८८ मध्ये प्रकाशित होऊ लागली. 'चंद्रकांता संतति'चे २४ भाग १८९४ ते १९०५ या काळात निघाले. तिलिस्म, म्हणजे खजिना राखणारी मंतरलेली बंदिस्त वास्तू, आणि ऐयार, म्हणजे वेषांतरात व हेरगिरीत निष्णात राजसेवक, ही सामग्री दास्तानांतून आलेली आहे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३ पासून निघू लागलेल्या 'तिलिस्म-ए-होशरुबा'त जादू ही जादूच असते. खत्री यांच्याकडे मात्र तसे नाही. माणसे गिळणारा बगळा प्रथम थरकाप उडवतो आणि पुढे ते एक यंत्र असल्याचे उघड होते. मूर्च्छा चूर्णाने येते आणि 'लखलखा' हुंगवून उतरते. खत्री यांनी नौगढ-चकिया भागातील जंगलांचे ठेके घेतले होते. त्यांच्या खोऱ्यांना व भग्न वाड्यांना जी भूगोलाची पक्की बैठक आहे, तिचे मूळ या अनुभवात असावे.

वाचकाला कादंबरीने दिलेले वचन असे आहे : जे अद्भुत दिसते त्याचा उलगडा होईल. दास्तानाचा श्रोता आश्चर्यात रमतो, तर 'संतति'चा वाचक संशय घेत वाचतो. येथे कोणताही चेहरा खरा धरता येत नाही. 'कृष्णा जिन्न' हे नावच अमानवी शक्ती सुचवते. मुखवट्याआड निघतो तो राजा गोपालसिंह. अकरा वर्षे टप्प्याटप्प्याने प्रकट झालेल्या या कथेत मागील भागातील एखादी खूण स्मरणात ठेवणे, हा वाचनाचा अनिवार्य भाग होता. रस आणि स्वभावचित्रण या मापांत बौद्धिक सहभागाच्या या आनंदाला जागाच नव्हती.

स्वभावचित्रणाचा आक्षेपही भूतनाथपुढे टिकत नाही. हा पराक्रमी ऐयार स्वतःच्या पूर्वकृत्यांना भ्यालेला आहे; जुनी कागदपत्रे समोर येताच तो कोसळतो. शेवटच्या भागांत त्याचा रीतसर मुकदमा चालतो, तेव्हा तिलिस्मापेक्षा एका माणसाचा भूतकाळच अधिक दुर्भेद्य ठरतो. वाचकांनी त्याला दुय्यम पात्र मानले नाही, हे त्यांच्या जाणकारीचेच लक्षण होय.

मराठीतील 'मुक्तामाला' (१८६१) आणि तिच्या परंपरेतील अद्भुतरम्य कादंबऱ्यांकडे हरिभाऊ आपट्यांच्या 'मधली स्थिती'च्या (१८८५) पूर्वीची पायरी म्हणून पाहण्याची सवय अभ्यासकांना आहे. 'चंद्रकांता' त्यानंतर तीन वर्षांनी आली, हा कालक्रम या पायऱ्यांच्या कल्पनेला अडचणीचा आहे. नाथमाधवांच्या 'वीरधवल'ला मिळालेल्या दीर्घ वाचकप्रेमाचा विचारही याच अंगाने करावा लागेल. मात्र हळबे यांची कादंबरी आणि खत्री यांची कादंबरी एका कप्प्यात टाकणे योग्य नव्हे. पहिलीत सद्गुणांचा विजय हा आधार, तर दुसरीत उकल.

फ्रान्चेस्का ओर्सिनी यांच्या २००९ मधील ग्रंथाने उत्तर भारतातील मुद्रण व मनोरंजन यांच्या संदर्भात या कादंबऱ्यांचा गांभीर्याने विचार केला. खत्री यांनी स्वतः 'संतति'च्या समारोपात संभव-असंभवाच्या वादाला उत्तर देताना कुतूहल वाढवणे एवढाच हेतू सांगितला होता; हा विनय समीक्षकांनी जरा जास्तच शब्दशः घेतला. वाचकांचे कुतूहल मात्र 'संतति'पाशी थांबले नाही. भूतनाथच्या पूर्वायुष्यावर स्वतंत्र 'भूतनाथ' कादंबरी १९०७ पासून सुरू झाली. ती अपुरी असतानाच १९१३ मध्ये खत्री यांचे निधन झाले आणि उरलेले भाग त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी लिहून पुरे केले.